चादरीखालचा दिवा

सोमवार आणि गुरुवार हे आमच्या घरात बार्शीचे वार आहेत. सासऱ्यांच्या किडन्या थकल्यापासून या दोन दिवशी सकाळी सहाला आमची जुनी पांढरी गाडी निघते, येरमाळ्यावरून बार्शी गाठते, आणि डायलिसिस उरकलं की त्यांना घेऊन परत येते. गाडी मीच चालवते, कारण नवरा पुण्यात नोकरीला आहे. मध्यंतरी एकदा एक खेप चुकली होती. दोनच दिवसांत मामांचे, म्हणजे सासऱ्यांचे, पाय सुजून चप्पल बसेना, आडवं झालं की दम लागायचा. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली आहे, गाडी निघालीच पाहिजे.

आणि नेमकी तीच दगा देऊ लागली. मागच्या सोमवारी चावी फिरवली तर नुसतं कट्‌ कट्‌. शेजारच्यांच्या पिकअपच्या बॅटरीला वायरी जोडून कशीबशी सुरू केली. गुरुवारी ती कण्हत कण्हत निघाली. रविवारी सकाळी सहज बघावं म्हणून चावी फिरवली, तर पुन्हा कट्‌ कट्‌. उद्या सोमवार, आणि येरमाळ्याचा मेकॅनिक लग्नाला गेलेला, मंगळवारी येणार. नवऱ्याने पुण्यात बसून फोनवरच निकाल दिला, "डायनामो गेला असणार." पुण्यातून सगळंच सोपं दिसतं.

मी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. विद्युत परिपथ फळ्यावर काढताना माझा हात कधी अडत नाही. म्हटलं, बघू तरी. शाळेचा मीटर शनिवारीच पर्समध्ये टाकून आणला होता. इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्याकडून चार्जर मागून आणला आणि दुपारपर्यंत बॅटरी भरली. इंजिन सुरू करून मीटर लावला, तर काटा नसलेला तो शहाणा डबा चौदा व्होल्टच्या वर दाखवायला लागला. म्हणजे बॅटरी भरणारा डायनामो ठणठणीत होता. दोन मिनिटं मला फार आनंद झाला. मग लक्षात आलं, चार्जिंग नीट होत असेल तर बॅटरी रिकामी होते कशी? उभ्या गाडीत कुणीतरी ती पीत होतं, आणि कोण ते मला संध्याकाळच्या आत शोधायचं होतं.

मामा ओसरीत बाजेवर पडून होते. त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळत नव्हतं असंही नाही. सासूबाई मात्र घरात ठरेनात. दर पाच मिनिटांनी येऊन विचारायच्या, "झालं का गं? उंद्याला निघंल ना?" शेवटी मी ओरडले, "आत्या, जरा गप बसता का तुम्ही? मला काही सुचू देत नाही!" त्या गाडीच्या पलीकडे गेल्या आणि काचेवरच्या चादरीशी चाळा करत उभ्या राहिल्या. उन्हापासून आणि धुळीपासून वाचावी म्हणून पुढच्या काचेवर आम्ही जुनी चादर टाकतो. आत्या रोज सकाळी सडा टाकून झाला की तिचा कोपरा उचलून आत बघायच्या. मला वाटायचं, धूळ बघतात. माझंच मला वाईट वाटलं, पण माफी मागायलाही वेळ नव्हता.

चावी काढली, दारं लावली. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून मधे मीटर जोडला. गाडी झोपलेली असताना आकडा शून्याच्या जवळ हवा, तो अर्ध्या अँपिअरच्या आसपास होता. मग एकेक फ्यूज उपसला आणि स्टीलच्या ताटलीत ओळीने ठेवत गेले. हॉर्न, पंखा, रेडिओ, आतला लाईट. आकडा ढिम्म हलेना. ताटली भरली, ऊन भिंतीवरून उतरायला लागलं. मला मामांचे सुजलेले पायच दिसत होते. मनात आलं, एवढी शिकवते आणि घरातला एक चोर सापडत नाही.

कंबर मोडून आली म्हणून बोनेटवर हात टेकले, आणि तेव्हा दिसली ती वायर. पॉझिटिव्हच्या जाड लाल वायरीखाली काळ्या पट्टीने गुंडाळलेली एक बारीक वायर होती. ती कुठल्याच फ्यूजकडे जात नव्हती, सरळ रबरी बुचाच्या भोकातून आत डॅशबोर्डमागे शिरली होती. मी ती उपटली. आकडा शून्यावर आला.

त्याच क्षणी गाडीच्या पलीकडून आत्या किंचाळल्या. "गेला! अगं, दिवा गेला!"

मी धावत गेले. हातात चादरीचा कोपरा, चेहरा पांढराफटक, आत्या आत बघत होत्या. डॅशबोर्डवर येडेश्वरी देवीची छोटी तसबीर आहे, तिच्यापुढे लाल दिवा. मी गाडीत बसते तेव्हा तो लागलेला असतो, म्हणून तो चावीबरोबर लागतो असंच मी धरून चालले होते.

"हा कुणी बसवला?" मी विचारलं.

"ह्यांचं पयलं डायलिसिस झालं, तवा पोरासंगं गाडीनं देवीला गेले व्हते. तिथल्या दुकानदाराला म्हणलं, दिवा इझला न्हाय पायजे." त्यांनी तसबिरीकडे बोट केलं. "सोमवारी लई बारीक झाल्ता. आज सकाळी तर व्हताच न्हाय. मला वाटलं, आता ह्यांचं..."

दुकानदाराने सांगितलं ते इमानदारीने केलं होतं. अखंड दिवा म्हणजे अखंड वायर; बॅटरी धड होती तोवर निभावलं, ती जुनी झाल्यावर निभेना. आत्या आठवडाभर रोज त्या दिव्यात मामांचा जीव बघत होत्या आणि तोंडातून अक्षर काढत नव्हत्या, बोललं तर खरं होईल म्हणून. आणि त्याच बाईवर मी दुपारी खेकसले होते. मला रडू आलं. त्यांचा हात धरून मी सांगितलं, "आत्या, बॅटरी संपत होती म्हणून दिवा बारीक झाला. मामांना काही झालेलं नाही."

"मग आता लावायचाच न्हाय का?"

ओसरीतून मामांचा आवाज आला. सगळं ऐकत होते तर. "म्या गाडीत नसलो तर तिथं दिवा कशाला? घरी असलो की घरात लाव."

आत्यांना ते पटलं. मी ती वायर रेडिओच्या फ्यूजवर घेतली, चावी फिरवली की दिवा लागेल अशी. त्या संध्याकाळी आत्यांनी बाजेजवळच्या कोनाड्यात समई लावली.

सोमवारी सहाला मामा बाजूला बसले, आत्या दारात उभ्या होत्या. मी चावी फिरवली. विज्ञानाच्या बाईंनी खरं तर बॅटरीचं चिन्ह विझतं का ते बघायला हवं होतं. मी लाल दिवा लागतो का ते बघितलं.