पावसासाठी राखलेली भिंत

मिठबावच्या सड्यावर, गावावरच्या कातळपठारावर, समुद्राकडे तोंड करून चाळीस फूट उंचीचा एक दरवाजा उभा आहे. दुरून पाहणाऱ्याला तो चारशे वर्षांचा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या पोटात लोखंडी सळ्यांचा सांगाडा आहे, सांगाड्यावर जाळी आणि जाळीवर सिमेंट. समुद्रात बुडालेल्या एका राज्याची कथा सांगणारे तीन चित्रपट जगभर गाजले आणि त्या राज्याची नगरी उभारणारा थीम पार्क या सड्यावर येणार असे ठरले. तेव्हा कंत्राटदाराला एका विशिष्ट कसबाची माणसे हवी होती. ओले सिमेंट घट्ट होईपर्यंत दोनएक तास मिळतात. तेवढ्या वेळात त्यातून दगड कोरायचा असतो. असे हात शोधता शोधता त्याची माणसे गणपतीच्या शाळांपर्यंत, म्हणजे मूर्ती घडवणाऱ्या कारखान्यांपर्यंत, पोहोचली आणि त्या शोधात पहिले नाव निघाले ते बाबली मेस्त्रींचे.

मेस्त्रींची शाळा पस्तीस वर्षांची. श्रावण लागला की गावातली घरे आपापला पाट त्यांच्याकडे आणून ठेवतात आणि चतुर्थीला त्याच पाटावरून मूर्ती घरी नेतात. कोणत्या पाटावर कोणत्या घराण्याचा गणपती, तो किती उंच, सोंड किती वळलेली, हे सारे त्यांच्या बोटांना पाठ. नव्या कामाचाही अभ्यास त्यांनी तसाच केला. कंत्राटदाराकडच्या नम्रता परब या कलादिग्दर्शिकेने तिन्ही चित्रपट त्यांना लॅपटॉपवर दाखवले. मेस्त्रींचे लक्ष कथेत नव्हते. नायक दरवाजाच्या भिंतीपुढे उभा राहिला की ते चित्र थांबवायला लावत आणि विचारत, “ह्या हिरोक जरा बाजूक करूक येता काय?” नम्रता मूळची वेंगुर्ल्याची, मुंबईत शिकलेली, साइटवरच्या बैठकांत ती प्रमाण मराठीत बोलत असे. या प्रश्नाने ती पहिल्यांदा मालवणीत हसली.

चित्रपटातली ती भिंत काळसर, शेवाळलेली, मधूनमधून खाऱ्या पांढऱ्या ओघळांची. मेस्त्रींनी चार फुटी नमुन्याचे दोन तुकडे केले. रंग असा चढवला की सिनेमा कंपनीच्या परदेशी प्रतिनिधीने हात लावून पाहिल्यावरच ते सिमेंट आहे हे मान्य केले. मे महिन्यात नमुना मंजूर झाला. एक तुकडा कंपनीच्या कचेरीत गेला, दुसरा मेस्त्रींच्या घरामागे परड्यात विहिरीला टेकून राहिला. भिंत त्या नमुन्याबरहुकूम व्हावी, न झाल्यास तोडून दुसऱ्या तुकडीकडे द्यावी, असे करारात स्पष्ट होते. मेस्त्रींच्या तुकडीत आसपासच्या गावांतले अकरा मूर्तिकार होते.

पाऊस आला, चतुर्थी झाली, आणि कामाच्या घाईत तो तुकडा सारेच विसरले. ऑक्टोबरात एके सकाळी सावित्रीबाई, म्हणजे मेस्त्रींची पत्नी, विहिरीवरून आल्या आणि सहज म्हणाल्या, “तुमचो सिनेमाचो फातर न्हाणयेच्या भिंतीसारखो दिसाक लागलो हा.”

मेस्त्री परड्यात गेले आणि तुकड्यापुढे उकिडवे बसले. त्यांनी रंगवलेल्या शेवाळावर खरे शेवाळ चढले होते. पांढरे ओघळ त्याखाली बुडाले होते. छाया नाही, उठाव नाही. चार फुटांचा सपाट काळा तुकडा. चूक त्यांना तत्काळ कळली आणि तिचे मूळही. पस्तीस वर्षांत त्यांच्या हातची एकही वस्तू अकरा दिवसांहून अधिक जगली नव्हती. विसर्जनाला पाण्यात जाण्यासाठीच ती घडवलेली असे. आपल्या कामावर उघड्यावरचा पाऊस काय करतो, हे जाणून घेण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

दरवाजाचा सांगाडा उभा राहिला होता, कोरीवकाम सुरू व्हायचे होते, मार्चमध्ये तपासणी होती. मेस्त्री गप्प राहिले असते तर भिंत नमुन्याप्रमाणे मंजूर झाली असती. नंतर ती काळी पडली तरी कोणी त्यांना जाब विचारला नसता. बोलले तर ज्या नमुन्याने काम मिळाले तोच चुकला असे स्वतःच्या तोंडाने सांगायचे होते, आणि अकरा जणांचे काम पणाला लागणार होते. तिसऱ्या दिवशी तुकडा टेम्पोत घातला आणि साइटवर नेला.

नम्रता तुकड्याभोवती एक फेरी मारून थांबली. “काका, हो तुकडो तुमी माका दाखवूक नको होतो,” ती म्हणाली. “आता माका गप रवाक येवचा नाय.”

“मार्चात भिंत पास जातली गो,” मेस्त्री म्हणाले. “पण भादव्यात लोक येतले, तेंका नुसतो काळो फळो दिसतलो.”

तिने कोरीवकाम सुरू होण्याआधी कंत्राटदाराकडून पंधरा दिवस मागून घेतले. ते पंधरा दिवस मेस्त्री गावातल्या भिंती पाहत हिंडले: देवळाच्या पायऱ्या, शाळेचे कुंपण, जुन्या विहिरी. सोबत सावित्रीबाई होत्या, कारण ओल कुठे टिकते हे त्यांना आधीच ठाऊक होते. कपडे कुठे वाळत नाहीत, आमसुलांना बुरशी कुठे धरते, लाकडे कुठे रचू नयेत, हा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब होता. मेस्त्रींनी त्यावरून मनाशी एक रीत बांधली. जिथे काळे हवे तिथे खडबडीत खळगे आणि बोटभर रुंदीचे कंगोरे ठेवायचे, म्हणजे पाणी रेंगाळेल. जिथे उजळ हवे तिथे गुळगुळीत उतार द्यायचा, म्हणजे ते निसटेल. पश्चिमेच्या अंगाला शेवाळाचा रंग मुळीच लावायचा नाही. ते काम पावसासाठी राखायचे.

मार्चमध्ये प्रतिनिधी आला तेव्हा त्याच्यासमोर त्या रीतीने घडवलेली, फिकट, अपुरी वाटणारी भिंत होती. नम्रताने दोन्ही नमुने शेजारी ठेवले, कचेरीतला आणि परड्यातला. त्याने ते नीट पाहिले आणि विचारले की या भिंतीचे पुढे असेच होणार नाही कशावरून. मेस्त्रींना मार्चात पाऊस दाखवता येणार नव्हता. त्यांनी पाण्याचा टँकर बोलावला आणि दरवाजाच्या माथ्यावरून पाइप सोडायला सांगितला.

पाणी आधी सगळीकडून सारखेच उतरले आणि अख्खी भिंत एकजात काळवंडली. अकरा मूर्तिकार खाली उभे होते. मग उन्हाने गुळगुळीत उतार सुकू लागले. उजळ ओघळ एकेक करून वर आले, खळग्यांत आणि कंगोऱ्यांखाली ओल तशीच राहिली, आणि पाऊण तासात चित्रपटातली ती भिंत सड्यावर उमटली. प्रतिनिधीने हातातले छायाचित्र दोनदा वर धरून ताडून पाहिले. भिंत तोडू नये, असे त्याने लिहून दिले. मात्र अखेरची सही तो पाऊस सरल्यावर करणार होता.

त्या वर्षीच्या पाचव्या दिवशीच्या विसर्जनानंतर रिकामा पाट काखेत घेऊन मेस्त्री सड्याच्या वाटेने घरी निघाले. सावित्रीबाई मागून येत होत्या. पावसाची सर चालूच होती. दरवाजासमोर ते थांबले. शेवाळ त्यांनी सांगितले होते तिथे चढले होते, ओघळ उजळ होते. समुद्राच्या पाण्यात विरघळणारी मूर्ती ते नुकतेच पाहून आले होते. इथे त्यांचे काम भिजत होते आणि जागच्या जागी होते. त्यांनी पाट दुसऱ्या काखेत घेतला आणि दरवाजाच्या बुरजालगतच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट केले. तिथल्या गुळगुळीत उतारावरही हातभर काळा डाग धरला होता.

“थंय बुरजाची सावळी पडता,” सावित्रीबाई म्हणाल्या. “माका आधी इचारूचा होता.”

ऑक्टोबरात प्रतिनिधी आला. मेस्त्रींनी त्याला सर्वांत आधी त्या डागापाशी नेले आणि तो कसा पडला, कोणाला विचारायचे राहून गेले, हे नम्रताकरवी समजावून दिले. त्याने उरलेली भिंत पाहिली, डागाचे छायाचित्र काढले, आणि त्याच जागी उभ्या उभ्या सही केली. आता आतल्या चौकाच्या भिंतींचे काम सुरू आहे. सकाळी कोरीवकामाला हात लागण्यापूर्वी सावित्रीबाई तिथे एक फेरी मारतात आणि सावली कुठवर येते तिथे खडूने रेघ ओढतात.