वळणावर बंद पडणारी गाडी

बाबांची गाडी फक्त बाबांच्याच हातात बंद पडते, हे लक्षात आलं तेव्हा माझा पहिला संशय अण्णावर, म्हणजे माझ्या थोरल्या भावावर गेला.

गाडी बाबांच्या तरुणपणातली. मूळ इंजिन निकामी झालं तेव्हा अण्णानंच शिवाजीनगरच्या एका गॅरेजात उभं राहून तिच्यात नव्या गाडीचं इंजिन बसवून घेतलं होतं. पेट्रोलची टाकी मात्र जुनीच राहिली. दर रविवारी बाबा चामराजपेटहून होसकोट्याला मित्राकडे जात. या वयात त्यांनी गाडी चालवू नये, असं अण्णाचं म्हणणं. बाबा दाद देत नव्हते. नेमकी त्याच सुमारास गाडी त्रास द्यायला लागली. पुलावरून उतरताना, लांब वळणावर, इंजिन खोकायचं आणि गप्प व्हायचं. मागे लॉऱ्यांचे हॉर्न. जरा वेळानं किल्ली फिरवली की मुकाट चालू.

अण्णा चालवायचा तेव्हा काहीच व्हायचं नाही.

मी पाळत ठेवायला लागले. एका शनिवारी तो डिकी उघडून वाकलेला दिसला.

"काय करतोयस?"

"काही नाही. स्वल्प ऑइल बघतोय."

ऑइल डिकीत नसतं, एवढं मलाही कळतं. डिकीत होती ती टाकी. तो स्वतः गाडी काढायचा तेव्हा आधी पेट्रोल पंपावर जायचा, हेही मग माझ्या नजरेत भरलं. बाबांच्या वेळी काटा बहुतेक खालीच. हा पेट्रोल काढून तर घेत नाही ना?

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या शेजारी जाऊन बसले. पुलाच्या उतारावर तेच झालं.

"पाय चुकला वाटतं," बाबा म्हणाले.

"नाही चुकला. मी बघत होते."

"चुकतो गं. मला कळत नाही, पण चुकतो."

परतताना त्यांनी मला चालवायला सांगितलं आणि वाटभर आपल्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवून बसले. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

घरी आल्यावर मी अण्णाला खाली बोलावलं. "टाकीत काय केलंयस?"

तो हसला, मग माझा चेहरा बघून थांबला. "केलं काहीच नाही. काल नुसतं टाकीत किती उरलंय ते बघत होतो. टाकी रुंद, चपटी, आत एकही आडोसा नाही. पेट्रोल कमी असलं की वळणावर सगळं एका बाजूला पळतं आणि नळीच्या तोंडाशी हवा येते. जुन्या इंजिनाजवळ थोडं पेट्रोल साठलेलं असायचं, त्यावर ते तरून जायचं. हे लगेच मरतं. मी टाकी भरून निघतो. बाबा कधी अर्ध्याच्या वर भरत नाहीत."

"कधीपासून माहीत आहे?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"आणि बाबांना सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर ते टाकी भरून गेले असते."

"मागून लॉरी धडकली असती तर? आणि ते स्वतःच्या पायाला दोष देत बसलेत, माहीत आहे तुला?"

हे त्याला माहीत नव्हतं. तो डिकीच्या कडेवर बसला. "एकदोनदा बंद पडली की कंटाळून सोडतील, असं वाटलं."

"आत्ता वर जाऊन सांग."

त्यानं सांगितलं. बाबांनी पेपर बाजूला ठेवून ऐकलं. "म्हणजे माझा पाय ठीक आहे," एवढंच ते बोलले. त्यानंतर कितीतरी दिवस ते अण्णाशी कामापुरतंही बोलले नाहीत.

अण्णानं टाकी गॅरेजात उतरवून घेतली. ती पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतली, वरून कापली आणि नळीच्या तोंडाभोवती एक छोटा पत्र्याचा डबा बसवला. त्याच्या बुडाशी फक्त आतल्या बाजूला उघडणाऱ्या झडपा, म्हणजे आलेलं पेट्रोल वळणावर बाहेर पळायचं नाही. सगळं होईपर्यंत मी तिथून हलले नाही.

"मी काही करत नाहीये," अण्णा म्हणाला.

"सरी, बरं," मी म्हटलं आणि तिथेच उभी राहिले.

पुढच्या रविवारी बाबांनी मुद्दाम पेट्रोल भरलं नाही. अण्णा मागच्या सीटवर, मी पुढे. वळण आलं, गेलं. इंजिन खोकलं नाही. घरी पोचल्यावर अण्णानं किल्लीसाठी हात पुढे केला. बाबांनी ती शर्टाच्या खिशात टाकली आणि जिना चढायला लागले.