बिघाडाच्या पानाचे वाचक

पुस्तक पहिल्या पानापासून वाचणारा माणूस जन्मात काही शिकत नाही, असं माझ्या मावशीच्या यजमानांचं ठाम मत आहे. मुकुंदवाडी स्टेशनाला लागून राहणारे हे काका आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. घरात नवा मिक्सर आला तरी ते माहितीपत्रक मागून उघडून बिघाडाचं पान काढतात, आणि त्यातला एकही बिघाड होत नसेल तर हिरमुसतात. "चालू मशीन काय शिकवतंय? फॉल्टच लई बोलतो," असं म्हणतात.

मावशीला ऐकू येईनासं झालं तेव्हापासून कुकरच्या शिट्ट्या मोजायला काका ओट्याशी उभे राहू लागले. ते बाजारात गेले की ती कुकर लावायचीच नाही. "सैपाकबी आता तुमच्या कानानं करायचा का?" असं एकदा म्हणाली आणि दोन दिवस बोलली नाही. तेव्हा काकांनी प्रोग्राम भरता येणारा एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि आवाज टिपणारा सेन्सर आणला. तिसऱ्या शिट्टीला दिवा लागला पाहिजे, एवढंच त्यांना करायचं होतं. प्रोग्राम लिहायला शिकायचं कशावरून, हे विचारायला ते माझ्याकडे आले.

मी मराठीच्या चळवळीतल्या पत्रकांवर वाढलेला माणूस. सरळ उत्तर कसं देणार? साधन मराठीतच हवं, फुकट हवं, त्यात कुठल्या कंपनीची जाहिरात नको, अशा अटी घातल्या. इंग्रजी पुस्तकं गुलामी म्हणून बाद केली, हिंदी व्हिडिओ आक्रमण म्हणून. महिनाभरानं चाळणीत एकच साधन उरलं: मी स्वतः लिहायला घेतलेली पुस्तिका. तिची प्रस्तावना अकरा पानांची झाली होती. दिवा कसा लावायचा, ते अजून यायचं होतं. काकांनी ती आदरानं चाळली आणि विचारलं, "ह्यात बिघाड कुठंय?"

मग ते आपल्या वाटेनं गेले. व्हिडिओ सोडून त्याखालच्या तक्रारी तेवढ्या वाचायचे. जिथं लोक जास्त रडलेत आणि मास्तरानं प्रत्येकाला उत्तर दिलंय, तो मास्तर खरा. अशा एका हिंदी मास्तराचा प्रोग्राम त्यांनी उतरवून घेतला. पहिल्याच दिवशी स्टेशनातल्या गाडीचा भोंगा शिट्टी म्हणून मोजला गेला आणि आम्ही कच्ची डाळ खाल्ली. काका खुशीत. टाळीवर लागणारा दिवा कुत्रं भुंकल्यावरही लागतो, अशी कुणाची तरी तक्रार त्यांनी शोधली. तिचं उत्तर मीच त्यांना वाचून दाखवलं; हिंदीत असल्यामुळे, तत्त्व म्हणून, दबक्या आवाजात. त्यावरून त्यांनी सेन्सरचा कान कमी-जास्त करणारा बारीक स्क्रू पिळला आणि सेन्सर कुकरजवळ सरकवला.

परवा दिवा बरोबर लागला. मावशीनं स्वतः गॅस बंद केला, वरण बघितलं आणि भाताचा कुकर चढवला. "आता बाहेर बसा निवांत," ती काकांना म्हणाली. ते माझ्याशेजारी येऊन बसले, पेपर उघडला. आतून शिट्टी झाली, आणि काकांनी पेपराआड हळूच एक बोट मुडपलं.