कीर्तनात शिरलेला मारेकरी

लग्नानंतरच्या पहिल्या पंधरा वर्षांत मी जेवढे सिनेमे पाहिले ते सगळे अर्धेच पाहिले. कारण साधं होतं. ग्वाल्हेरच्या बाड्याच्या चौकाजवळच्या टाकीजमध्ये खेळ तीनला सुरू व्हायचा, आणि आमचे हे साडेचारला दुपारची झोप संपवून चहा मागायचे. मध्यंतर झालं की मी पदर सावरून उठायची आणि खासगी बाजारातल्या आमच्या घरापर्यंत जवळजवळ पळत यायची. उरलेला सिनेमा वाटेत माझा मीच पुरा करायची. शेजारच्या काकूंना गोष्ट सांगताना पडद्यावरचं कुठे संपलं आणि माझं कुठे सुरू झालं, याचा त्यांना कधी पत्ता लागला नाही. मला त्याची लाज तेव्हाही नव्हती आणि आताही नाही.

माझं सिनेमाचं वेड ह्यांना ठाऊक होतं, अर्धेपणाचं ठाऊक नव्हतं. हे हरदास. माधवगंजातल्या एका रामाच्या देवळात चातुर्मासभर रोज संध्याकाळी कीर्तन करायचे. आजेसासऱ्यांपासून चालत आलेली गादी, दरबारची नेमणूक. मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य झालं, देवळं नव्या खात्याकडे गेली. राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला, त्यामुळे कुठल्याही गोष्टीची चौकशी केली की फाइल नेमकी दुसऱ्या गावी असायची. त्या श्रावणात मात्र फाइल इथेच होती. कागद आला की जिथे श्रोते नाहीत तिथली कथा बंद करण्यात येईल, आणि तत्पूर्वी साहेब स्वतः येऊन पाहून जातील.

आमचे श्रोते म्हणजे नऊ म्हाताऱ्या. त्यातल्या दोघी बहिऱ्या, आणि एक केवळ वाती वळायला ऐसपैस जागा मिळते म्हणून येणारी. बाकी सगळं लष्कर, म्हणजे ग्वाल्हेरचा आमचा भाग, त्या वेळी बाड्यावर फिरत असायचं किंवा टाकीजमध्ये.

हे तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. पोथी वाचायला नुकताच चष्मा लागला होता. आवाज खणखणीत होता, पण मन उतरलं होतं. कागद आला त्या दिवशी जेवताना म्हणाले, “पंचवीस वर्षं मी कंसाला मारतो आहे. कीचकाला मारतो, हिरण्यकशिपूला मारतो. त्याच जागी लोक हसतात, त्याच जागी मी रडतो. आता हात उचलवत नाही.” मी आमटी वाढली. मग हे म्हणाले, “गादी गेली तर तू मुलांना घेऊन इंदूरला भावाकडे जा. मिलमध्ये त्याचं चांगलं चाललं आहे, तो तुम्हाला काही कमी पडू देणार नाही. माझं मी कुठेतरी बघून घेईन.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पंधरा वर्षं ह्यांची उपरणी धुतली, प्रत्येक अभंगाला घरात बसून मान डोलावली, आणि अडचण आली की मी इंदूरला. म्हणजे मी काय पाहुणी आले होते? मी रागावले की बोलत नाही, भांडी घासते. त्या दिवशी पातेली अशी चमकली की शेजारच्या काकूंनी विचारलं, “काय बाई, कोणी येऊन राहिलं आहे का?”

दुसऱ्या दिवशी रागारागानेच सिनेमाला गेले. आणि काय सिनेमा होता तो. एक मारेकरी, पगारी. एक शेठ त्याला चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचा आणि हा जाऊन काम करून यायचा, दुसरा कोणी पेढीवर जावा तितक्या सहज. पण आता त्याचे केस पिकलेले. चिठ्ठी वाचायला खिशातून चष्मा काढतो. जिना चढताना कठड्याला धरून उभा राहतो. ज्याला मारायचं त्याचा माग काढत बाजारात हिंडतो, आणि मध्येच थांबून बायकोसाठी बांगड्या बघतो. मी पुढच्या बाकाची कड घट्ट धरून बसले होते. शेवटी तो एका शाळामास्तराच्या दारात उभा राहतो, हात कोटाच्या आत. दार उघडतं. मास्तर म्हणतो, आइये, धूप में आए हैं, पानी पीजिए. आणि मध्यंतर.

घरी आले ती घामाघूम. ह्यांना चहा दिला, मेथी निवडायला बसले आणि आपोआप सांगायला लागले. एरवी हे सिनेमाच्या गोष्टीला “हं, हं” करतात. त्या दिवशी पुढे सरकून बसले. चष्म्याच्या जागी मला परत मागे जायला लावलं.

“मास्तर पाणी देतो. मग?” हे म्हणाले.

माझ्याजवळचा सिनेमा तिथे संपला होता, राग संपला नव्हता. जीभ आपली आपण चालू लागली. “मग तो पाणी पितो आणि तसाच घरी जातो. बायकोला सगळं खरं सांगतो. विचारतो, इतकी वर्षं मी जे केलं त्यात तुझा वाटा आहे का? वाल्याची बायको म्हणाली होती, तुमचं पाप तुमचं. ही तशी म्हणत नाही. ही म्हणते, अन्न दोघांनी खाल्लं, तर पापही दोघांचं. सोडा ते काम, मी आहे तुमच्याबरोबर.”

हे माझ्याकडे बघत राहिले. “असं आहे पिक्चरमध्ये?”

“आहे ना,” मी म्हटलं, आणि मेथीची जुडी उलटी केली.

त्या संध्याकाळी मी देवळात बायकांच्या बाजूला बसले होते. पूर्वरंग नेहमीसारखा झाला. ह्यांना हार घातला, बुक्का लावला. आता आख्यान लागायचं, कंसाचा दिवस होता. हे उभे राहिले आणि म्हणाले, “एका नगरीत एक मारेकरी होता. पगारी.”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हे चष्मा काढत होते, चिठ्ठी लांब धरून वाचत होते, उपरण्याचं टोक बांगड्यांसारखं हातात फिरवत होते. मध्येच पद, मध्येच झांज. वाती वळणाऱ्या म्हातारीने वात खाली ठेवली. रस्त्यावरचे दोन तांगेवाले आधी पायरीवर थांबले, मग आत येऊन बसले. मास्तर दार उघडून म्हणाला, या, पाणी घ्या. इथे हे थांबले आणि म्हणाले, “पुढचं उद्या.” पंचवीस वर्षांत ह्यांनी आख्यान असं अर्ध्यावर सोडलं नव्हतं. म्हाताऱ्यांनी घरी जायला चक्क नकार दिला. पुजाऱ्याला दिवे मालवण्याची धमकी द्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी पाचलाच मंडप भरला. बाया, तांगेवाले, कापडबाजारातले गुमास्ते, कॉलेजची पोरं. बातमी कशी फिरली देव जाणे. पोरं एकमेकांना कोपराने ढोसत होती, “अरे, वही पिच्चर है, बाड़े वाली.” मला आनंदाने नाचावंसं वाटत होतं. तेवढ्यात खात्याचे साहेब आले, न कळवता. बरोबर शिपाई आणि कागद अडकवलेली लिहायची पाटी. त्यांना पुढे गालिच्यावर बसवलं. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की या पोरांनी सिनेमा पूर्ण पाहिला आहे. साहेबांसमोर हरदास खोटे ठरणार, आणि ते माझ्यामुळे.

मी उठले आणि देवाच्या मागच्या खोलीत गेले. हे पगडी नीट करत होते.

“अहो, मी तो पिक्चर अर्धाच पाहिला आहे. पाणी देण्यापर्यंत.”

“आणि पुढचं?”

“पुढचं माझ्या मनचं.”

बाहेर पेटीचा सूर लागला होता. ह्यांनी आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर गेले. मी कशीबशी जागेवर येऊन बसले.

आख्यान रंगलं. मारेकरी पाणी प्यायला, भांडं पालथं ठेवलं आणि घराकडे वळला. तोच मागून एक पोरगा उभा राहिला. “महाराज, पिच्चर में ऐसा नहीं है. पानी पी के वो मास्टर को गोली मार देता है.”

साहेबांनी कागदावरून मान वर केली. मी डोळे मिटले.

ह्यांचा आवाज आला, अगदी शांत. “फिर?”

“फिर पुलिस पकड़ लेती है. खतम.”

“और उसकी घरवाली?”

पोरगा जरा विचारात पडला. “घरवाली तो इंटरवल के बाद आती ही नहीं.”

“तो भैया, वो बेचारी इतनी देर घर में बैठी क्या कर रही थी? तुम्हारे पिच्चरवाले ने नहीं पूछा. हम पूछते हैं.”

मंडप हसला. तो पोरगाही हसत खाली बसला. मी डोळे उघडले तर हे बायकांच्या बाजूला वळून उभे होते. कीर्तनात प्रश्न बुवांचा आणि उत्तरही बुवांचंच, ही रीत. ह्यांनी मारेकऱ्याच्या आवाजात विचारलं, “सांग. यात तुझा वाटा आहे का?” आणि उत्तर दिलंच नाही. चिपळ्या थांबल्या. तबलजी हात वर धरून बसला. हे माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात मारेकरी नव्हता, हेच होते.

उत्तर मला पाठ होतं, माझंच तर होतं. अन्न दोघांनी खाल्लं, तर पापही दोघांचं. पण तोंड उघडलं आणि भरल्या मंडपात, साहेबांच्या समोर, माझ्या तोंडून निघालं, “मी इंदूरला जायची नाही.”

कोणाला काही उमगलं नाही. साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. मी लाजून पदर डोक्यावरून ओढला, पण आतून इतकी हलकी झाले होते की हसू आवरेना. ह्यांचे डोळे भरून आले होते. चष्मा पुसून हे लोकांकडे वळले. “ऐकलंत? बायको म्हणाली, मी इंदूरला जायची नाही. जे होईल ते इथे, दोघांचं.” आणि असा अभंग उचलला की तबलजीला गाठता गाठता पुरेवाट झाली.

खात्याचा लिफाफा महिन्याभराने आला. गादी कायम राहिली होती, पण ते आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर लिफाफा ह्यांनी न फोडता कोनाड्यात तसाच ठेवला होता. मी म्हटलं, फोडा ना. हे म्हणाले, “फोडू सावकाश. काय असेल ते असेल.” आणि ताटावर बसून पोटभर जेवले.