थांबामिस्त्री आणि चढावरचा कार्बोरेटर

दुरुस्त झालेली गाडी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने चावी फिरवली रे फिरवली की मिस्त्री हात वर करून म्हणायचे, "थांबा!" मग बॉनेट पुन्हा उघडायचं, क्लिपा पुन्हा दाबून पाहायच्या, पेट्रोलच्या पाइपाजवळ नाक नेऊन वास घ्यायचा. लोकांनी त्यांचं नावच थांबामिस्त्री पाडलं होतं. "मिस्त्री, तुम्ही जन्माला येतानाही थांबा म्हणाला असाल," असं एका टेम्पोवाल्याने तोंडावर म्हटलं तेव्हा ते सगळ्यांबरोबर हसले. भित्रा माणूस लोकांना काळजी घेणारा वाटतो, हे त्यांच्या पथ्यावर पडलं होतं.

त्यांची दुसरी सवय चढाची. कोणतीही गाडी देण्याआधी ती हॉस्पिटलच्या टेकडीवर चढवून बघायची, आणि गाडीमागून एकाने लाकडी ठोकळा घेऊन चालायचं. गाडी मागे सरकलीच तर ठोकळा चाकाखाली. हे काम त्यांच्या धाकट्या भावाचं. तो जरा लंगडत, पण न कुरकुरता चालायचा.

भाऊ एके काळी पट्टीचा ड्रायव्हर होता. अठरा वर्षांपूर्वी याच चढावर, वळणापाशी, त्याची गाडी बंद पडली, गडगडत मागे आली आणि दगडी भिंतीवर आदळली. गुडघा गेला. पुढे पाय क्लच दाबण्याइतका सुधारला, मन सुधारलं नाही. "मीच क्लच घाईने सोडला," असं तो विचारणाऱ्याला सांगायचा, आणि त्यानंतर त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही. ते वाक्य ऐकलं की मिस्त्री उगाचच पान्हे मोजायला लागायचे.

यंदा मिस्त्रींच्या लेकीने जुना पिकअप घेतला. हॉस्पिटलच्या चादरी खाली आणून धुवायच्या आणि वर पोचवायच्या, हे काम तिला मिळालं होतं. म्हणजे रोज तोच चढ, दोनदा. पिकअपचं इंजिन मरायला टेकलेलं, म्हणून बापलेकींनी भंगारातल्या एका कारचं मोठं इंजिन काढून त्यात बसवलं. आता अडलं होतं इंजिनाला पेट्रोल-हवा पाजणाऱ्या कार्बोरेटरवर.

टेबलावर तीन ठेवले होते. पिकअपचा मूळचा, एका तोंडाचा. भंगारातल्या इंजिनाबरोबर आलेला, पण त्याचा दांडा झिजून खुळखुळ्यासारखा वाजत होता. आणि तिसरा नवा, दोन तोंडांचा: एक रोजच्या चालीसाठी, दुसरं ओझं वाढलं की उघडणारं.

"मूळचाच लाव," मिस्त्री म्हणाले. "ओळखीचा आहे."

"बाबा, एवढ्या इंजिनाला तो म्हणजे हत्तीला चमच्याने पाणी पाजायचं. चादरींच्या गठ्ठ्यांचं ओझं घेऊन चढावर धापा टाकेल."

"हळू जा मग."

"हळू नाही, ते बंद पडेल. तुम्हीच शिकवलंत ना?"

लेक बरोबर होती, आणि शिकवलंही त्यांनीच होतं. दोन तोंडांचा ठरला. तो इंजिनावर थेट बसत नव्हता, मध्ये भोकं पाडलेली जाड पट्टी हवी होती. पट्टी बनवून मिस्त्री बाजारात मधल्या फटीत घालायचं गॅस्केट आणायला गेले. तासाभराने परतले तर लेकीने जुन्याच गॅस्केटवर कार्बोरेटर चढवून ठेवला होता आणि काकाला कौतुकाने दाखवत होती.

"पट्टीला जास्तीची भोकं पाडून थोडा फिरवला. अॅक्सिलरेटरची केबल बरोब्बर पोचली! नाहीतर नवीन केबल शोधत बसावं लागलं असतं."

मिस्त्रींनी वाकून पाहिलं. पेट्रोलची वाटी, जिच्यात फ्लोट तरंगतो ती, नाकासमोर, गाडीच्या तोंडाकडे होती. केबल पोचावी म्हणून. अगदी तशीच. अठरा वर्षांनी, त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या हातांनी.

"थांब," ते म्हणाले. "काढ तो."

"का? सुरू करून बघितलंय मी. घड्याळासारखं चालतंय."

"सपाटीवर चालतं. चढावर तोंड वर झालं की वाटी उंच होते, पेट्रोल इंजिनात ओततं, इंजिन गुदमरून बंद पडतं. आणि इंजिन बंद पडलं की ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं."

लेक हसली. "बाबा, तुम्हाला जिथे तिथे भुतं दिसतात. चार दिवसांवर काम आलंय माझं. असं कधी झालंय का कुठे? एक तरी गाडी सांगा."

भाऊ तिथेच, ठोकळ्यावर बसला होता. झाकली मूठ अठरा वर्षं झाकली होती. उघडली तर हा एकुलता एक भाऊ कायमचा दुरावेल, या भीतीने त्यांना कित्येकदा झोप लागली नव्हती. आणि नाही उघडली, तर लेक आज ना उद्या कार्बोरेटर असाच ठेवून त्या वळणावर जाईल. दोन भीतींमध्ये माणूस किती वेळ उभा राहणार?

"झालंय," ते म्हणाले. "काकाची गाडी. तो कार्बोरेटर मी बसवला होता. केबल पोचावी म्हणून असाच फिरवून." आणि भावाकडे न बघता पुढे म्हणाले, "दुसऱ्या दिवशी गाडी उघडली तेव्हा मला कळलं. तू हॉस्पिटलात म्हणालास, माझाच क्लच चुकला. मी गप्प बसलो. घाबरलो होतो रे."

लेकीने मुकाट्याने बाराचा पान्हा उचलला आणि नट सोडवायला घेतले. भाऊ उठला आणि लंगडत घरी निघून गेला. त्या दिवशी जेवायला आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मिस्त्रींनी ते दोन दिवस कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. कार्बोरेटर आडवा फिरवून वाटी बाजूला घेतली, नवी पट्टी कापली, लांब केबल मिळवली, आणि दाराशी पाऊल वाजलं की पान्हा खाली ठेवून तिकडे पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिकअप चढाच्या पायथ्याशी उभा होता. मागे चादरींऐवजी वाळूची पोती. ठोकळा धरायला कोण, हा प्रश्न कोणी काढायच्या आत भाऊ चालत आला. त्याने ठोकळा उचलला आणि मिस्त्रींच्या हातात दिला.

"आज तू धर, दादा." मग पुतणीकडे हात पसरून म्हणाला, "चावी दे."

मिस्त्रींच्या तोंडाशी 'थांबा' आलं होतं. त्यांनी ते गिळलं. लेक काकाच्या शेजारी जाऊन बसली.

गाडी निघाली. मिस्त्री मागून धापा टाकत चालू लागले. त्यांची दोन्ही माणसं त्या एका डब्यात होती, आणि त्यांच्या हातात एक लाकूड. वळण आलं. दगडी भिंत आली. आणि तिथेच, बरोबर तिथेच, भावाने गाडी मुद्दाम थांबवली.

इंजिन घुरघुरत होतं. ब्रेकचा लाल दिवा विझला, चाक टिचभर मागे आलं, मिस्त्री गुडघ्यांवर कोसळले आणि ठोकळा पुढे सरकवला. चाक त्याला टेकायच्या आतच इंजिनाने दम धरला, दुसरं तोंड उघडल्याचा तो जाड आवाज आला, आणि पिकअप वळण घेऊन वर गेला.

माथ्यावर पोचल्यावर भावाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मिस्त्री अजून रस्त्यातच बसले होते, ठोकळा छातीशी धरून.

"दादा," तो ओरडला, "क्लच बरोबर सोडला ना?"

मिस्त्री बसल्या जागेवरूनच ओरडले.

"तेव्हाही बरोबरच सोडला होतास!"