बँजोच्या पुस्तकातली फाटलेली ओळ

या ग्रुपवरचे बाकीच्यांचे भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर हसलेच आहे, हे आधी कबूल करते. मी इंग्लंडमध्ये, लीड्सच्या एका हॉस्पिटलमध्ये रेडिओग्राफर आहे. माणसांच्या आत काय असतं ते रोज बघते... तिथे भूतबीत कधी दिसलं नाही. तरी हे लिहितेय.

मी बँजो वाजवते. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत बटणांचा बेंजो असतो, तो नव्हे. चामड्याचं गोल तोंड, लांब मान, पाच तारा. त्यातही जुन्या पद्धतीचा, मानेवर सतारीसारखे पडदे नसलेला. एकोणिसाव्या शतकात शिकणाऱ्यांसाठी छापलेली पुस्तकं आता नेटवर स्कॅन केलेली मिळतात, त्यातल्या चाली बसवते. त्या पुस्तकांचा इतिहासही कडूच. वाद्य अमेरिकेतल्या काळ्या गुलामांचं, बऱ्याच चालीही त्यांच्या... आणि मिरवले तोंडाला काळं फासून नाचणारे गोरे.

बाबांना संगीताचा तिटकारा. दहावीच्या आधीच्या सुट्टीत माझं व्हायोलिन त्यांनी मला न विचारता शेजारच्या मुलीला देऊन टाकलं. "आधी मार्क आण, मग बघू," म्हणाले. मार्क आणले. व्हायोलिन परत आलं नाही.

आई गेल्यावर व्हिसासाठी भांडून भांडून मी त्यांना पुण्याहून इकडे आणलं. वर्षभरात स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या खोलीत प्रॅक्टिसला बसायची. खरं सांगू? सूडच होता तो. आता उठून जाणार कुठे?

गेल्या फेब्रुवारीतला शनिवार, दुपारचे तीन. एक जिग, म्हणजे नाचाची जलद चाल, बसवत होते. स्कॅनमध्ये पानाचा खालचा भाग फाटलेला, शेवटची ओळ गायब. दरवेळी तिथे येऊन थांबायची, तशी थांबले... आणि बाबांचा डावा हात हलला.

उजवा हात मांडीवर निर्जीव पडला होता. डाव्या हाताची बोटं त्यांनी त्या मनगटाजवळ ठेवली आणि दाबायला लागले. आधी वाटलं, खाजवतायत. पण मी बँजोची मान धरते तशीच ती बोटं वाकली होती. पहिलं बोट, तिसरं, मग करंगळी लांब... मी पुन्हा वाजवून त्याच जागी थांबले. पुन्हा तीच बोटं, तोच क्रम. तिसऱ्यांदा त्यांच्या बोटांकडे बघत पुढे वाजवत गेले, आणि चाल पूर्ण झाली. ती ओळ लगेच कागदावर उतरवून ठेवली.

माझी मैत्रीण मेधा केंब्रिजला असते. तिथल्या एका लायब्ररीत या पुस्तकाची धड प्रत आहे, हे कळल्यावर तिला त्या पानाचा फोटो मागितला. तीन आठवड्यांनी तो आला. एकही सूर वेगळा नव्हता. आणि ती ओळ सहज सुचण्यातली नाही, भलत्याच सुरावर संपते.

"अगं, तूच कुठेतरी ऐकलं असशील," मेधा म्हणाली.

"असेन. पण बोटं त्यांची होती, मेधा."

त्या संध्याकाळी फोटो बाबांपुढे धरला. "बाबा, हे तुम्हाला कुठून येतं? तुम्ही वाजवायचात?"

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"मग माझं का काढून घेतलंत?"

मी ओरडले. अर्धं अंग गेलेल्या म्हाताऱ्या माणसावर. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. स्ट्रोकनंतर तसं येतं, त्याला कारण लागत नाही. डाव्या हाताने त्यांनी फोटो बाजूला सारला. त्यानंतर मी बँजो उचलला की ते तो हात चादरीखाली घालायचे.

मे महिन्यात ते गेले. पुण्याला आत्याला फोन करून विचारलं.

"दादा आणि वाद्य?" ती म्हणाली. "अगं, त्याला आरतीत टाळ्या धड जमायच्या नाहीत."

भीती वाटली नाही का, असं मेधा विचारते. भीती नाही वाटली. एवढी वर्षं एका घरात काढून त्यांच्याकडून मला संगीताची एकच ओळ मिळाली, तीही मी त्यांना छळायला वाजवत असताना. ती त्यांच्याकडे कुठून आली, हे मला आजही माहीत नाही.