बुरुलने वळलेली दोरी

नारिनकडच्या डोंगराळ मुलुखातल्या एका गावात पोर पहिली पावलं टाकू लागलं की निरोप बुरुलकडे यायचा. काळी-पांढरी लोकर वळून ती दोरी करून द्यायची. ती दोरी पोराच्या घोट्यांना बांधायची, मग गावातली मुलं धावण्याची शर्यत लावायची आणि जिंकणाऱ्याने ती सुरीने कापायची, म्हणजे जन्मभर पाय मोकळे, अशी रीत. "माझ्या दोरीचं एक पोर अडखळलंय का, दाखवा!" बाई चहा ओतता ओतता चारचौघांत मिरवायची. तोंडाची फटकळ, पण हाताला यश होतं तिच्या.

आणि आता तिचीच नात पडत होती.

सायकाल, सहा वर्षांची. रक्ताचा कर्करोग. बिश्केकच्या इस्पितळातून औषधं घेऊन आली ती पावलं फटफट आपटतच. उंबऱ्याला अडखळायची, तिला बटण लावता येईना.

"डॉक्टरीणबाईंना कळव गं," ती सुनेला म्हणाली.

"कळवलं की औषध बंद करतील, आपा," गुलसाना रडकुंडीला आली. "मग तो मेला रोग उलटला तर?"

बुरुललाही तीच धास्ती होती. त्यापेक्षा दोरीवर खापर फोडणं सोपं. सायकालच्या वेळी कापणाऱ्याने घाई केली, एखादा धागा राहून गेला असणार, दुसरं काय! तिने नवी दोरी वळली आणि सायकालला अंगणात उभं केलं.

"हलू नकोस हं, माझं शिंगरू."

"मी काय आता बाळ आहे का, आजी? सगळे हसतील मला!"

"हसू देत. दात पडतील एकेकाचे!"

सायकाल खिदळली आणि मान वळवून कुत्र्याकडे बघत राहिली. बुरुलने सुरी दोरीखाली सारली, ओढली. दोरी तुटली. पांढऱ्या लोकरीवर लाल डाग पसरला. घोट्याखाली चांगलीच चीर गेली होती.

"कापलीस का गं?" सायकालने विचारलं. अजून कुत्र्याकडेच बघत होती ती.

बुरुलच्या हातातली सुरी गळून पडली. अगं बाई, हिला कळलंच नाही!

"गुलसाना! फोन लाव! आत्ताच्या आत्ता!"

इतके दिवस कळवलं नाही म्हणून डॉक्टरीणबाई आधी खूप रागावल्या. मग म्हणाल्या, औषधाने नसा दुखावल्या असाव्यात, उद्याच घेऊन या. औषध कमी करावं लागेल बहुतेक. जाणीव हळूहळू परतते, पुष्कळ मुलांची परतते.

"आणि कमी केल्यावर रोग उलटला तर?" गुलसानाने विचारलंच.

"ती भीती मलाही आहे," पलीकडून आवाज आला. "म्हणून तर म्हणते, समोर आणा."

बुरुल सायकालचं पाऊल मांडीवर घेऊन पट्टी बांधत होती. रक्त थांबावं म्हणून तिने ती करकचून आवळली आणि चपापली. सायकाल निवांत बसली होती. आवळलं तरी ही सांगणार नाही. बुरुलने गाठ सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. किती सैल ठेवावी, तिला काही केल्या कळेना.